टाकी आक्सलवरच बसवली आहे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पत्र हातात आलं की आई पहिली ओळ वाचून मगच खाली बसते. जेवण वेळेवर, झोप पुरेशी, सर्दी गेली. रविवारी फोनवर जे अर्धवट बोलणं झालं, त्यानंतर ताईचा मेसेज आला की बाबा दोन दिवस गप्पच आहेत. म्हणून लिहायला बसलो. फोनवर बाबा "बरं" म्हणतात आणि आईकडे देतात. कागद तसा कोणाकडे देता येत नाही.

तर, गाडी घेतली. जुनी आहे, मागून बंद असलेली व्हॅन, पण इंजिन चांगलं आहे. आणि आई, मला कामावरून कोणी काढलं नाही, मी सोडलं.

आता हा धंदा काय ते सांगतो. काकांना मी सांगितलं, तर ते म्हणाले "म्हणजे ओटे धुतोस?" तर हो, ओटेच, पण लाकडाचे. इथे घराच्या मागच्या दाराला लागून लाकडी ओटा असतो, डेक म्हणतात. खाली खांब, वर फळ्या, छप्पर नाही. म्हणजे चांगलं लाकूड मुद्दाम उन्हात, पावसात, बर्फात ठेवायचं. उन्हानं ते राखाडी पडतं, सावलीकडे शेवाळ धरतं, फळ्यांना चिरा जातात. मग दर दोन-तीन वर्षांनी माणूस बोलावून ते धुवायचं आणि स्टेन लावायचा. स्टेन हा रंगासारखा वर बसत नाही, आत मुरतो, लाकडाच्या रेषा दिसत राहतात. मी एका आजींना विचारलं, त्यापेक्षा फरशी का नाही घालत? तर म्हणाल्या, अनवाणी पायांना लाकूड बरं वाटतं. त्या स्वतः बूट घालून उभ्या होत्या. आणि रंग निवडणं! पाच पट्ट्या दाखवतो, पाचही तपकिरी. एका घरी नवरा-बायको त्यावर पाऊण तास बोलत होते आणि शेवटी उद्या कळवतो म्हणाले. बरं, त्या ओट्यावर मी अजून कोणाला बसलेलं पाहिलेलं नाही. पण आपल्याला काय, लाकूड राखाडी पडतंय तोवर काम आहे.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. गाडीत अडीचशे लिटरची टाकी आहे. घरोघरी नळ असतोच, पण फळ्यांवर जोरात पाणी मारणारा प्रेशर पंप जितकं पाणी ओढतो तितकं नळाला येत नाही. मग पंप कोरडा पडतो, आत बुडबुडे होतात आणि सील जातात. म्हणून नळाचं पाणी आधी टाकीत घेतो आणि पंप टाकीतून ओढतो. ज्याच्याकडून गाडी घेतली त्यानं टाकी पार मागच्या दाराशी ठेवली होती, नळी जोडायला सोपी म्हणून. मी ती काढून पुढे सरकवली आणि मागच्या आक्सलच्या बरोब्बर वर बसवली. पाणी हिंदकळू नये म्हणून आत आडवे पत्रे आहेत. खाली पट्टीला बोल्ट, वरून दोन रॅचेट पट्टे. आणि रस्त्यावर एकतर गच्च नाहीतर रिकामी, अर्धी कधीच नाही. हे मला इथे कोणी शिकवलेलं नाही. घाटात ब्रेक दाबल्यावर अर्ध्या टँकरचं पाणी मागून कसं ढकलतं, ते मी सहावीत असताना तुमच्या शेजारी बसून पाहिलंय.

आई, तुला ताईनं काहीतरी वाचून दाखवलं की तेलाच्या चिंध्या आपोआप पेटतात. ते खरं आहे. तेलाचा स्टेन वाळताना गरम होतो, चिंध्यांचा बोळा करून टाकला तर ती उष्णता आतच कोंडते. म्हणूनच माझ्याकडे झाकणाचा लोखंडी डबा आहे, त्यात पाणी, आणि चिंध्या त्या पाण्यात. संध्याकाळी कितीही दमलो तरी हे आधी. अॅसिडचंही तसंच. लाकूड धुवायची पावडर आणि जुना स्टेन काढायचा स्ट्रिपर डाव्या फळीवर, ऑक्झॅलिक अॅसिड उजवीकडे, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या परातींत, म्हणजे सांडलं तरी एकमेकांत जाणार नाही. पावडरीनं धुतलं की काही लाकडं काळवंडतात, अॅसिडनं ती पुन्हा उजळतात, म्हणून ते लागतंच. ब्लीच मी गाडीत ठेवतच नाही, अॅसिडशी गाठ पडली की विषारी वायू होतो. माझ्या सीटच्या मागे पत्र्याची भिंत आहे, वास पुढे येत नाही. पंपाचं इंजिन गाडीत चालवत नाही, खाली उतरवून उघड्यावर चालवतो. हातमोजे, चष्मा, कानाला बोंडं, सगळं आहे. कोणी मला सारखं विचारू नये.

एकदाच चूक झाली, तीही सांगून टाकतो, नाहीतर ताईला सांगितलेलं तुमच्यापर्यंत पोचेलच. पावडर पाण्यात कालवली की तिच्यातून ऑक्सिजन सुटत राहतो. मी फवारणीचा पंप झाकण लावून तसाच ठेवला आणि जेवायला गेलो. आलो तर पंप फुगलेला. फुटला नाही. त्याच आठवड्यात एका मऊ लाकडाच्या डेकवर प्रेशर जास्त झालं आणि फळ्यांवर कापसासारखी लव उठली. दोन दिवस फुकट घासत बसलो. गिऱ्हाईक मात्र भला माणूस, पुढे त्यानंच शेजाऱ्याचं काम मिळवून दिलं. झालं, चुका संपल्या.

आता पैशाचं. या महिन्यात कमी आले असतील, पुढच्या महिन्यातही कमीच येतील. गाडीत अडकलेत. ताईच्या लग्नाच्या हॉलची उरलेली रक्कम मी जूनअखेर देतो असं त्यांना सांगा, नाहीतर माझा नंबर द्या, मी बोलतो. कर्जाचा हप्ता चुकणार नाही.

ताईचं लग्न मेमध्ये धरलंत. मी नाही म्हणत नाही. पण स्टेनला लाकूड कोरडं लागतं आणि हवा दहा अंशांच्या वर, त्यामुळे इथला धंदा मे ते सप्टेंबर, तेवढाच. हळदीच्या दिवशी पोचेन, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी निघेन. ताईशी बोललोय. ती "चालेल" म्हणाली आणि लगेच दुसरा विषय काढला.

आत्यानं आणलेल्या स्थळाला मी इंजिनिअर आहे असं सांगितलंय म्हणे. ते खोटं नाही, पण गाडीचंही सांगा. नंतर कळण्यापेक्षा बरं. त्यांनी नाही म्हटलं तर आत्याला माझ्यावर ढकलू दे.

बाबा, फी भरायला टँकर विकलात तेव्हा म्हणाला होतात की आता तुला पाणी वाहायला लागणार नाही. मी विसरलेलो नाही. रविवारी तेच बोलायचं होतं, पण तुम्ही फोन आईकडे दिलात.

आईच्या गुडघ्याचं काय ते कळवा. तेल लावते का नुसती ठेवून देते?

तुमचा,
धाकटा

ता. क. बाबा, टाकीचा फोटो ताईच्या फोनवर पाठवलाय. मोठा करून बघा. उजव्या पट्ट्याची कडी मला जरा तिरकी वाटते.