गुणशेखरन आणि चार जावा

चेन्नई

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार. 'तमिळ आलं का गं?' असं दर पत्रात विचारतेस. आलं, आणि ते सन टीव्हीच्या कृपेने. शेजारच्या मामींकडे रात्री साडेनऊला 'एदिरनीच्चल' ही मालिका लागायची, तीच माझी शिकवणी. फेब्रुवारी 2022 ते जून 2024 चालली ती.

गोष्ट मदुरैकडची. आदि गुणशेखरन घरातला थोरला, बाकी तिघे भाऊ त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. सुना मुद्दाम शिकलेल्या आणायच्या आणि आणल्या की चुलीपुढे उभ्या करायच्या, हा या घरचा रिवाज. ईश्वरी, रेणुका, नंदिनी आणि धाकटी जननी. आता तू म्हणशील, जावा म्हटल्या की कागाळ्या आल्याच. इथे तेच नाही ना! जननी आल्यावर चौघी हळूहळू एक होतात. ओट्यापाशी भाजी चिरता चिरता बेत शिजतो, एकीचं लक्ष दाराकडे, आणि बाहेरून हाक आली की चौघींचे चेहरे कोरे. आपल्याकडच्या मालिकांत चार जावा अशा एकदिलाने नांदलेल्या मला तरी आठवत नाहीत.

बाकी भाऊबंदकी आहेच. इस्टेटीतला 40 टक्के वाटा घरातल्या म्हाताऱ्या अप्पत्ताच्या (म्हणजे आजीच्या) नावावर, त्यावर गुणशेखरनचा डोळा. एसकेआर नावाच्या एकाच्या घराशी हाडवैर. बहीण आदिरैचं मन नेमकं त्याच घरातल्या अरुणवर जडलं, तर घराण्याच्या अब्रूपायी तिला करिकालनच्या गळ्यात बांधली. ते लग्न इतकं ताणलं की मामी टीव्हीशीच भांडायच्या! अप्पत्ता झालेल्या बाईंना मात्र तू बघच. बॉम्बे ज्ञानम. मुंबईहून चेन्नईला आल्या आणि इथे फक्त बायकांची नाटक मंडळी काढली, पुरुषांची कामंही बायकाच करायच्या.

पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते गुणशेखरनला, म्हणजे ते काम करणाऱ्या मारिमुत्तूंना. 'ए, इंदाम्मा' (आपलं 'ए बाई') असं बायकांवर खेकसणं पोरासोरांच्या तोंडी झालं. मामींचे यजमान त्यावर खो खो हसायचे. मामी हसायच्या नाहीत, उठून दुधाला विरजण लावायला जायच्या. 8 सप्टेंबर 2023 ला याच मालिकेचं डबिंग करताना मारिमुत्तूंच्या छातीत दुखू लागलं आणि ते गेले. त्यांचा 'जेलर' सिनेमा लागून जेमतेम महिना झाला होता. पुढे ती भूमिका वेल राममूर्तींनी केली. माणूस तालेवार लेखक, नटही बरा, पण तो दरारा काही जमला नाही आणि मालिका ढेपाळली.

मला खटकतं ते हेच. बंड बायकांचं, आणि सगळा डोलारा त्यांना छळणाऱ्या माणसावर! बरं, दिग्दर्शक तिरुसेल्वम यांना हे जमत नाही असंही नाही. त्यांच्याच 'कोलंगल' मालिकेत अभी झालेल्या देवयानीने 2003 पासून 2009 पर्यंत सगळा भार पेलला होता. इथे जावांना तेवढं बळ द्यायला कुठे अडलं, कोण जाणे. टीआरपीला गुणशेखरनच लागत असणार, दुसरं काय!

डिसेंबर 2024 पासून दुसरा भागही सुरू झाला, त्यात जननीसुद्धा नवी. मामी नेमाने बघतात, माझा जीव रमत नाही. तू सन नेक्स्ट ॲपवर पहिलाच भाग लाव. आदिरैच्या लग्नापर्यंत बघ, पुढचं नाही बघितलंस तरी चालेल. आणि काकूंचा गुडघा कसा आहे ते कळव, गेल्या पत्रात विसरलीस.

तुझी,
मेघा