फोटोखाली भरतीची वेळ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्र आहे तिथेच आहे, असे सांगणारे वाचकाचे पत्र आणि त्यासोबतचे कावी-कंबोईच्या समुद्रकाठच्या स्तंभेश्वर महादेव मंदिराचे दोन फोटो काल पाहिले. (आपला अंक बडोद्यात एक दिवस उशिरा मिळतो, म्हणून हे पत्रही उशिरा. वितरकाला तीनदा सांगून झाले.) एक फोटो जुना, एक आत्ताचा, दोन्हींत पाणी पायऱ्यांपाशी, म्हणजे समुद्र वाढल्याच्या बातम्या खोट्या! पत्रलेखकांना जे वाटले ते त्यांनी लिहिले. माझा राग आहे तो ते न तपासता छापणाऱ्यांवर.

कावी-कंबोईला आम्ही दर श्रावणात जातो. भरतीची वेळ विचारल्याशिवाय घर सोडत नाही. ज्या पिंडीला हात लावून नमस्कार केला, ती काही तासांत पाण्याखाली गेलेली असते. चपलांचा चिखल बडोद्याला येईपर्यंत वाळून पांढरा पडतो. खंभातच्या आखातात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी वाढली ती सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. दहा मीटर खालीवर होणाऱ्या पाण्यातली ही वीत फोटोत कुणाला दिसणार? त्यात फोटो कुठल्या तिथीचा, किती वाजताचा, हेही खाली दिलेले नाही.

पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तरंगत्या बर्फापुरते ते बरोबर आहे. पण ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा बराचसा बर्फ जमिनीवर आहे. तो वितळून समुद्रात येतो, म्हणजे भरल्या पेल्यात वरून पाणी ओतल्यासारखेच. शिवाय तापमापकातला पारा चढतो तसे समुद्राचे पाणीही तापले की फुगते.

डोळ्यांवर विसंबले की काय होते, ते मी भोगले आहे. २६ ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमीची रात्र. बडोद्यातल्या काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे, ते सारखे फोनवर येत होते आणि आकडा चढत होता. आमचे घर तळमजल्यावर. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "माझी पेटी माळ्यावर चढवा गं." मी दारात जाऊन पाहिले, रस्ता नुसता ओला, खालची पायरी मोकळी. मीच त्यांना म्हटले, "आई, कुठंय पाणी? झोपा निवांत." दुसऱ्या दिवशी पायऱ्या बुडाल्या, मग उंबरा, मग पलंगाची फळी. नदी ३७ फुटांपर्यंत गेली. ती सागवानी पेटी इतकी फुगली की तिचे झाकण आजही बसत नाही. आत सासूबाईंच्या लग्नातला शालू होता. धुतला, सावलीत वाळवला, तरी जरीवर काळे डाग राहिले. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुलावरची पट्टी खरे सांगत होती आणि मी पायरी बघून निर्धास्त झाले होते.

समुद्रालाही अशी पट्टी आहे. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पातळीची नोंद होते. तिथली वाढ जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, पण वाढच आहे. १९९३ पासून उपग्रह मोजताहेत आणि वाढीचा वेग पूर्वीपेक्षा जास्त दिसतो आहे. आणि बडोद्याला समुद्र नाही म्हणून आम्ही का बोलावे, असे कुणी म्हणू नये. आमची विश्वामित्री ढाढर नदीला मिळून त्याच आखातात जाते.

लोकांचा विश्वास का उडतो, तेही मला कळते. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या, २००७ च्या अहवालात छापून आले होते. ते चुकीचे निघाले. पण २०१० मध्ये त्यांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली. आपणही तेवढे करावे. त्या फोटोंबद्दल खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावा. यापुढे किनाऱ्याचा कुठलाही फोटो छापताना त्याखाली तारीख आणि भरतीची वेळ द्या. ती मिळत नसेल तर असा फोटो पुरावा म्हणून छापू नका.

आपली नियमित वाचक,
अकोटा, बडोदे