मूल नको म्हणजे पिशवीही नको?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली आशा कार्यकर्ती, गावात आरोग्याचं काम करते. आमच्याकडे दुसरं-तिसरं बाळंतपण झालं की बाईचं नसबंदीचं ऑपरेशन ठरलेलं. बहुतेकींचं पंचविशीच्या आत उरकतं. काही वर्षांनी तीच बाई कंबर धरून येते. अंगावरून पांढरं जातंय, पाळी आठ-आठ दिवस थांबत नाही. खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी होते आणि डॉक्टर विचारतात, "ऑपरेशन झालंय ना? मग गर्भपिशवी ठेवून काय करायचीय? उद्या कॅन्सर झाला तर?" नवऱ्याला पटतं, सासूला पटतं. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला तर पटतंच. पाळीत कामाला खाडा झाला की आगाऊ घेतलेल्या उचलीतून दंड कापला जातो; पिशवी गेली की ती भानगडच मिटली.

नसबंदीमुळेच पिशवी खराब होते, असं बायका समजतात. नसबंदीत फक्त नळ्या बंद करतात, पिशवी जागेवरच राहते. अमेरिकेत १९७८ पासून नसबंदी झालेल्या दहा हजारांवर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. नवऱ्याने नसबंदी केलेल्या बायकांपेक्षा यांना पाळीचे त्रास जास्त आढळले नाहीत. पिशवी काढण्याचं प्रमाण मात्र चार-पाच पट! म्हणजे दुखणं तेवढंच, पण मूल नकोच म्हटल्यावर पिशवी काढायला कुणाचा हात अडत नाही. तिथे ही गत, तर आमच्याकडे कोण अडवणार?

२०१९ मध्ये आमदार नीलमताई गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. २०२२ मध्ये केंद्राने विनाकारण पिशवी काढणं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. कागद झाले.

माझं मागणं एवढंच, की पिशवी काढण्याच्या प्रत्येक नोंदीत 'नसबंदी कोणत्या वर्षी' हा रकाना घाला आणि नुसतं 'कुटुंब पूर्ण' हे कारण चालवून घेऊ नका. चाळिशीच्या आतल्या बाईला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं मिळू द्या. पांढरं जाणं बऱ्याचदा गोळ्यांनी बरं होतं, त्याला सुरी कशाला? आम्हा आशांना नसबंदीला बाई नेली की मानधन मिळतं. पिशवी काढायला निघालेल्या बाईला थांबवून सरकारी डॉक्टरांकडे नेलं, तर काही नाही. तेही सुरू करा.

आणि पुरुषांचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी स्वतःची नसबंदी झालेल्या ३७.९ टक्के, नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के.

दसरा झाला की टोळ्या कारखान्यांकडे निघतील. आदेश त्याआधी काढा.

आपली,
एक आशा, धारूर