तरंगत्या घराचा हिशेब नांगरापासून मांडा

महोदय,

कोकण किनाऱ्यावर सौरऊर्जेवर चालणारे, परवडणारे तरंगते घर बांधायची कल्पना सध्या अनेक तरुणांच्या डोक्यात आहे. कल्पना चांगली आहे आणि खाडीत ती साधण्यासारखी आहे. पण बहुतेक आराखडे छतावरच्या पॅनेलपासून सुरू होतात आणि नांगराची पाळी येईपर्यंत पैसे संपतात. खरे तर ऊन हा या घरातला सर्वांत सोपा भाग. अवघड आहे तो वारा, उधाण आणि खारे पाणी.

आधी जागा. उघड्या समुद्रात टिकणारे घर सामान्य माणसाच्या खिशातले नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 हा पोलादी निवासी बार्ज (सपाट तळाचा मोठा तराफा), अडीचशेहून अधिक माणसे असताना, नांगर सुटून मुंबईच्या समुद्रात बुडाला. त्याआधीच्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकले. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग यांसारख्या खाड्यांच्या आत, मुखापासून दूर, वळणाच्या आडोशाला जागा मिळते. तीही मुख्य प्रवाहात नको. जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीने चिपळूणची काय दशा केली ते सर्वांनी पाहिले आहे. अशा पुरात अख्खी झाडे वाहत येतात आणि घरावर आदळतात. मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तसे हे घरही पावसाळ्यापुरते किनाऱ्याला किंवा एखाद्या आडफाट्यात न्यावे लागेल. म्हणून त्याची लांबी-रुंदी ओढून नेण्याजोगीच ठेवावी.

एक माप धरू. फायबरचे दोन पोंटून (घर तरंगते ठेवणाऱ्या पोकळ, बंद पेट्या), प्रत्येकी 9 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 90 सेंटिमीटर खोल; त्यांवर साडेचार मीटर रुंद डेक. निम्मे बुडाले की ते सुमारे 8.3 टन उचलतात. घर, सामान, माणसे आणि पाणी धरून एकूण वजन सात टनांच्या आत बसवावे. सरळ बाजूच्या अशा पोंटूनवर दर 185 किलोला घर एक सेंटिमीटर खाली जाते. पोंटूनवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवल्या तर रोज सकाळी नुसते पाहून कळते, कुठे पाणी शिरते आहे का. प्रत्येक पोंटूनचे आतून किमान चार बंद कप्पे करावेत. एक फुटला तरी बाकीचे तारतात.

स्वस्तात होते म्हणून निळी 200 लिटरची पिंपे बांधायचा मोह अनेकांना होतो. चार-सहा महिन्यांच्या प्रयोगाला ती चालतात, राहत्या घराला नाही. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, पट्ट्या गंजतात, आणि दिवसा तापलेले पिंप रात्री गार झाले की आतली हवा आकसून सैल झाकणातून पाणी ओढून घेते. घर एका बाजूला कलते तेव्हा नेमके कुठले पिंप भरले हे शोधणे फार कठीण जाते.

आता नांगर. ताशी 100 किलोमीटर वाऱ्यात या घराच्या समोरच्या बाजूवर सुमारे 650 किलोचा दाब येतो, आडव्या बाजूवर त्याच्या दुप्पट. खाडीत ओहोटीचा प्रवाह एकीकडे आणि वारा दुसरीकडे खेचतो, त्यामुळे घर वाऱ्याला तोंड करूनच राहील असे धरू नये. हिशेब 1300 किलोचा करावा. नांगर म्हणून टाकलेला काँक्रीटचा ठोकळा पाण्यात चाळीस टक्क्यांहून अधिक वजन गमावतो. एक टनाचा ठोकळा तळाशी जेमतेम 570 किलोचा राहतो आणि वाळूवर त्याहूनही कमी ओढीने घसरतो. तीन-तीन टनांचे दोन ठोकळे साखळीने जोडून टाकले तर भरवसा धरता येतो.

दोराची लांबी हा सर्वांत जास्त चुकणारा भाग. ओहोटीला तीन मीटर पाणी, म्हणून खोलीच्या पाचपट, पंधरा मीटर दोर, असा हिशेब केला जातो. रत्नागिरीकडे उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढते. त्यात डेकची उंची मिळवली की खोली सहा मीटर होते आणि तोच दोर जेमतेम अडीचपट उरतो. मग लाट आली की दोर सरळ वर खेचतो आणि ठोकळा उचलतो. दोर तीस मीटर हवा: तळाशी साखळी, वर नायलॉन, कारण नायलॉन ताणतो आणि झटका पचवतो. जिथे तो डेकच्या कडेला घासतो तिथे रबरी होजचा तुकडा चढवावा. शॅकलची (साखळी-दोर जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधून घ्यावी. न बांधलेली पिन घर डुलताना हळूहळू फिरून निघते.

सौर यंत्रणा एवढी धरा: 540 वॉटची सहा पॅनेल आणि 48 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. उघड्या दिवशी यातून बारा-एक युनिट वीज मिळते. फ्रिज, पंखे, दिवे, पंप आणि थोडा स्वयंपाक चार युनिटांत भागतो, म्हणजे भरलेली बॅटरी दोन दिवस ढगाळ गेले तरी पुरते. पॅनेल दक्षिणेकडे कलते लावू नयेत. नांगरावर घर फिरत राहते, दक्षिण कुठे ठरणार? पाणी निथळेल एवढाच उतार ठेवून ती जवळजवळ सपाट बसवावीत; आपल्या अक्षांशावर नुकसान थोडेच होते आणि वारा ती उचलत नाही. वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची हवी. साधे तांबे आवरणाखालून काळे पडत जाते, बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी जोड तापून वितळतो. बोल्ट 316 दर्जाच्या स्टीलचे घ्यावेत आणि ॲल्युमिनियम फ्रेमशी भिडतात तिथे नायलॉन वॉशर घालावा.

पिण्याचे पाणी किनाऱ्यावरून आणावे. घरगुती आरओ समुद्राच्या पाण्यावर चालत नाही. समुद्राच्या पाण्याला 55 ते 60 बार दाबाचा पंप लागतो. शौचालय मात्र बंद टाकीचे किंवा कोरड्या खताचेच हवे. खाडीत बायका कालवे आणि तिसऱ्या काढतात, तेच आपण खातो.

बांधणाऱ्यांनी एक पैसाही खर्चण्याआधी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडून आणि सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्यावे, की इंजिन नसलेले, बांधून ठेवलेले घर होडी मानायचे की बांधकाम. आणि बोर्डाने पुढाकार घ्यावा. तीस मीटर दोरावरचे घर जवळपास ऐंशी मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापते, त्यात डोल (प्रवाहात बांधून ठेवायचे जाळे) लावता येत नाही. म्हणून मच्छीमार सोसायट्यांशी आधी बोलून, होड्यांची ये-जा आणि जाळी लावायच्या जागा सोडून, एखाद्या खाडीत दोन-तीन ठिकाणी बोर्डानेच तपासलेले ठोकळे टाकून द्यावेत आणि भाडे घ्यावे.

— एक वाचक, गुहागर