आधी पार्ट दाखवा, मग बदला

महोदय,

वॉरंटी संपेपर्यंत मी गाडी डीलरकडेच सर्व्हिसिंगला देत होतो. गेल्या खेपेला तिथे ‘ब्रेक पॅड संपलेत, बदलावे लागतील’ असं सांगितलं. दाखवा म्हटलं, तर ‘वर्कशॉपमध्ये ग्राहकांना प्रवेश नाही’ हे उत्तर! गाडी तशीच बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी चाक उतरवून पॅड माझ्या हातात ठेवला. ७ मिलिमीटर शिल्लक होता. बदलायची वेळ साधारण ३ मिलिमीटरला येते. ब्रेक ऑइल मात्र त्यांनी लगेच बदलायला लावलं, कारण ते हवेतला ओलावा धरतं. रिकॉलचं (दोष निघाला म्हणून कंपनीनेच गाडी परत बोलावल्याचं) काम असेल तर डीलरकडेच जावं, हे मलाही मान्य आहे. पण पार्ट बदलण्याआधी तो ग्राहकाला दाखवणं दोन्हीकडे सक्तीचं करावं, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाहनमालक