गवंड्याच्या पोराचे हात

तीर्थरूप आई-अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "पोराला त्या धसमुसळ्या खेळात कशाला घातलंस?" आणि मागून अप्पांचा आवाज आला, "चेंडू घेऊन पळायचं, त्यात शिकायचं काय?" तेवढ्यात लाइन गेली. पण दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यात राहिले आणि दोन्हींचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून हे पत्र.

आधी तुझी काळजी, आई. सोनू जो खेळतो तो फ्लॅग फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार. कमरेला पट्ट्या लावलेल्या असतात. समोरच्याने पट्टी ओढली की चाल संपली. अंगावर झेप घालणं, आडवं पाडणं त्यात नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार असणार आहे, आपल्या क्रिकेटबरोबरच. मोठे व्यावसायिक खेळाडू खेळतात त्या खेळात मात्र डोक्याला मार बसतो, आणि वर्षानुवर्षं बसलेल्या अशा माराने माणसाची स्मृती आणि स्वभावसुद्धा बिघडतो, हे इथे डॉक्टरांनी दाखवून दिलंय. म्हणून त्या खेळाला मी सध्या हो म्हटलेलं नाही, आणि हे मी सोनूला तोंडावर सांगितलंय.

आता अप्पा, तुमचा प्रश्न. मोठ्या खेळाचं मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर बहुतेक वेळा चेंडू समोरच्यांकडे. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतो. सोनू रिसीव्हर आहे. त्याची धाव आधीच आखलेली असते: इतकी पावलं सरळ, मग आत वळायचं किंवा बाहेर. राखण करणारा त्याला चिकटूनच पळत असतो. म्हणून प्रत्येक धावेची पहिली पावलं हुबेहूब सारखी पडावी लागतात. वळेपर्यंत राखणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. आणि चेंडू पुष्कळदा रिसीव्हर वळण्याआधीच फेकणाऱ्याच्या हातून सुटलेला असतो. वळून मान वर करावी, तर तो समोर आलेलाच. दोघांनी ती धाव शेकडो वेळा घोटलेली नसेल तर चेंडू मोकळ्या जागेत पडतो. इतकं शिकायचं असतं, अप्पा.

आणि मी तुम्हाला हे मुद्दाम लिहितेय त्याचं कारण आता सांगते. या जागेवर आजवर खेळलेल्यांत सर्वांत मोठा कोण, असं इथे विचारलं तर बहुतेक जण एकच नाव घेतात: जेरी राइस. तो एका गवंड्याचा मुलगा आहे.

मिसिसिपी राज्यात क्रॉफर्ड नावाचं बारकं गाव आहे, तिथे तो वाढला. जन्म १९६२ चा, आठ भावंडांतला सहावा. वडील वीटकाम करायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना कामावर न्यायचे. भाऊ खालून एकावर एक रचलेल्या विटा फेकायचे, चार-चार एकदम. त्या हवेत सुटून वेगवेगळ्या दिशांना जायच्या आणि जेरी वर परांचीवर उभा राहून त्या झेलायचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सगळं दिसलं: खालून मामा विटा भिरकावतोय, तुम्ही ओळंब्यावरची नजर न काढता हात मागे करून वीट घेताय, आणि आई, तू मालाचं घमेलं डोक्यावर घेऊन शिडीशी उभी आहेस. तुमच्या बोटांची सालं निघालेली असायची. त्या पोराचीही निघत असणार.

शाळेत तो एकदा तास बुडवून हिंडत होता. उपमुख्याध्यापक मागून आले, तसा हा जो पळाला, की त्या सरांनी शिक्षा तर केलीच, पण पोरगं किती पळतं हे फुटबॉलच्या प्रशिक्षकालाही कळवलं. आई, त्याच्या आईलाही तो खेळायला नकोच होता. तिने विरोध केला, पण जितका विरोध करावा तितका तो हट्टाला पेटे, म्हणून तिने शेवटी सोडून दिलं. तुझ्या फोननंतर मला तीच आठवली.

मोठ्या विद्यापीठांनी त्याला घेतलं नाही. मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीयांच्या छोट्या विद्यापीठात तो शिकला. तिथे १९८४ च्या मोसमात त्याने २७ टचडाउन झेल घेतले (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं), तरी पारखी लोक म्हणायचे, हा पुरेसा वेगवान नाही. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याच्याआधी दोन रिसीव्हर उचलले गेले. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी दुसऱ्या संघाशी सौदा करून पाळी पुढे घेतली आणि सोळाव्या क्रमांकावर त्याला घेतलं. विटा झेललेल्या या हातांतून पहिल्या वर्षी चेंडू सुटू लागले आणि घरच्याच मैदानावर लोकांनी हुर्यो उडवली. त्याच डिसेंबरात रॅम्स संघाविरुद्ध त्याने एका सामन्यात २४१ यार्ड काढले, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं त्याने स्वतःला मोकळं सोडलं नाही.

आमच्या घरापासून जवळच एजवुड पार्क आहे, वसंतात रानफुलांनी भरून जाणारी टेकडी. मोसम नसताना राइस तिथला चार किलोमीटरचा चढ धावत चढायचा. सोबत यायला नवे खेळाडू उत्सुक असायचे, पण पुष्कळांना अर्ध्यातच थांबावं लागे. मी तिथे चालत चढते तरी धाप लागते. अशी माणसं मला फार आवडतात, ज्यांच्या कामाचा मोठा भाग कुणी न बघता होतो. भिंत सरळ आली तर पाहणाऱ्याला ओळंबा दिसत नाही, तसं.

आकडे थोडे सांगते, अप्पांना आवडतील. कारकिर्दीत १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, २०८ टचडाउन. यार्डांत दुसरा आहे लॅरी फिट्झगेराल्ड, तो सतरा वर्षं खेळला, आणि तरी पाच हजारांवर यार्ड मागे राहिला. पण मला आकड्यांपेक्षा १९८९ च्या जानेवारीतला मायामीचा अंतिम सामना जास्त भावतो. राइसने त्या दिवशी २१५ यार्ड काढले होते. संघ तीन गुणांनी मागे, तीन मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला, आणि ९२ यार्ड जायचं. त्या वाटेवर राइसने तीन मोठे झेल घेतले. शेवटच्या चालीत मात्र चेंडू दुसऱ्याला, जॉन टेलरला गेला. राइस आडवा पळाला, राखणाऱ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं, टेलर मोकळा झाला, सामना २०–१६ जिंकला.

सगळंच चांगलं नाही, तेही लिहिते. हातांना चिकट पदार्थ लावायला १९८१ पासून बंदी होती, आणि तरी आपण हातमोज्यांवर थोडा फवारा मारायचो, असं त्याने पुढे २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं. त्या काळात सगळेच करायचे, असंही म्हणाला. मला ते पटलं नाही. सोनूलाही मी हे लपवून ठेवलं नाही.

अप्पा, आता गुडघ्याचं. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात राइसच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. डॉक्टरांच्या अंदाजाच्या कितीतरी आधी, डिसेंबरात, तो मैदानात परतला. झेल घेतला, टचडाउन केला, आणि त्याच झेलात गुडघ्याची वाटी फुटली. मोसम तिथेच संपला. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता आणि त्याच्याभोवती देशातले उत्तम डॉक्टर होते. तुमचं ऑपरेशन होऊन अजून टाके नीट भरले नाहीत, आणि आई सांगते की तुम्ही शेजारच्या स्लॅबवर चढून मिस्त्रीला चुका दाखवताय. कृपा करून असं करू नका. फिजिओथेरपीवाली ताई सांगेल तेव्हाच जिना चढा. चुका खालूनही दिसतात तुम्हाला, मला ठाऊक आहे.

राइस पुढे ओकलंडकडून खेळला. चाळिसाव्या वर्षी एका मोसमात १,२११ यार्ड काढले. मग सिएटल, आणि २००५ मध्ये डेन्व्हरच्या सराव शिबिरात कळलं की आता आपल्याला मागच्या रांगेत बसावं लागेल, तेव्हा थांबला. २०१० मध्ये कॅन्टनला त्याचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, समावेश झाला. वडील तोवर वारले होते. त्या दिवशीच्या भाषणात तो म्हणाला की कारकिर्दीबद्दल एकच खंत आहे, तिचा आनंद घ्यायला आपण कधी थांबलोच नाही, सतत काम करत राहिलो. हे ऐकताना मला तुम्हीच आठवलात. लोकांच्या किती घरांच्या वास्तुशांतीची आमंत्रणं आपल्याकडे यायची, आणि तुम्ही म्हणायचात, "उद्या दुसरीकडे पाया धरायचाय." आई एकटी जाऊन जेवून यायची.

म्हणून माझं एक ऐका. गुडघा बरा झाला की दादाची गाडी घ्या आणि दोघं मिळून ती घरं बघून या. आतले लोक चहा दिल्याशिवाय सोडणार नाहीत. दादाला फोटो काढायला सांगा.

आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर सोनूला विटा कशा झेलायच्या ते तुम्ही सांगा. मनगट सैल का ठेवायचं, वीट हातात येताना हात थोडा मागे का न्यायचा, हे मला सांगता येत नाही. त्याच्या प्रशिक्षकांचंही रोज हेच चाललेलं असतं. आमच्याकडे सकाळचे आठ म्हणजे तुमच्याकडे रात्र होते, तर गोळ्या आधीच घेऊन बसा. आई, रक्तदाबाचे आकडे वहीत लिहून ठेव, मी विचारणार आहे.

दोघांना नमस्कार, दादा-वहिनींना आठवण.

तुमची,
ताई