डीसी वाहिनी मागण्याआधी कन्व्हर्टरचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कोल्हापूरपर्यंत उच्च दाबाची डीसी वाहिनी आणा, गळतीचा प्रश्न सुटेल’ अशी मागणी आपल्या वाचकांच्या पत्रांतून सध्या होत आहे. त्यामागची तळमळ रास्त आहे, पण तीत फक्त तारांचा आणि मनोऱ्यांचा विचार दिसतो. डीसीचा मोठा खर्च आणि खरी डोकेदुखी दोन्ही टोकांच्या कन्व्हर्टर स्टेशनात, म्हणजे एसीचे (दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचे) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) आणि डीसीचे पुन्हा एसी करणाऱ्या केंद्रात, असते.

चंद्रपूर ते पडघे ही ±५०० केव्ही (किलोव्होल्ट), १५०० मेगावॉटची डीसी वाहिनी १९९९ पासून चालू आहे. तिची लांबी ७५२ किलोमीटर, म्हणून ती परवडते. मनोऱ्यांवरची डीसी वाहिनी साधारण ६०० ते ८०० किलोमीटरच्या पुढेच एसीपेक्षा स्वस्त पडू लागते. शिवाय प्रत्येक टोकाला कन्व्हर्टर स्वतःच सुमारे ०.७ टक्के वीज खातो, म्हणजे वाहिनी कितीही आखूड असली तरी दीड टक्का गेलाच. कोल्हापूर-कराडएवढ्या अंतरात ४०० केव्हीच्या एसी वाहिनीची गळती सहसा याहून कमी असते. ग्राहकाला जाचणारी गळती ११ केव्हीच्या आणि त्याखालच्या तारांत होते. तिथे डीसी वाहिनी काहीच करू शकत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रीवाल्यांना कन्व्हर्टर परका नाही. इंडक्शन फर्नेसच्या पॅनेलमध्ये सहा पल्सचा थायरिस्टर रेक्टिफायर (अर्धवाहक स्विचांनी एसीचे डीसी करणारा संच) असतो. तो पाचवे आणि सातवे हार्मोनिक (५० हर्ट्झच्या मूळ लहरीच्या पटीतल्या नकोशा लहरी), म्हणजे २५० आणि ३५० हर्ट्झचा करंट, लाइनवर टाकतो. डीसी स्टेशनात असे दोन संच (ब्रिज) एकावर एक जोडतात. एकाचा ट्रान्सफॉर्मर स्टार-स्टार, दुसऱ्याचा स्टार-डेल्टा (गुंडाळ्या जोडण्याच्या दोन पद्धती). दोघांत ३० अंशांचा फरक पडल्याने पाचवे-सातवे एकमेकांना मारतात आणि अकरावे-तेरावे उरतात. त्यांच्यासाठी फिल्टर बसवावे लागतात. थायरिस्टर कन्व्हर्टरला वाहत्या मेगावॉटच्या ५० ते ६० टक्के रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरही (काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) लागते, म्हणजे १५०० मेगावॉटला ७५० ते ९०० एमव्हीएआर (या विजेचे एकक). त्यातली बरीचशी याच फिल्टरमधले कपॅसिटर देतात. वाहिनी अचानक बंद पडली तर ही कपॅसिटरची बँक बसवर (स्टेशनातल्या सगळ्या लाइन जोडणाऱ्या पट्टीवर) तशीच राहते आणि व्होल्टेज उसळते. ती लगेच कापावी लागते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे वीज उतरवून घेणारे टोक, इन्व्हर्टर. थायरिस्टर गेटने चालू करता येतो, बंद करता येत नाही. एसीच्या व्होल्टेजनेच तो बंद होतो. एक व्हॉल्व्ह (थायरिस्टरांची माळ) बंद झाल्यावर त्याला पुन्हा सुलट दिशेचा (फॉरवर्ड) दाब पेलायला सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात. म्हणून १८ अंशांच्या आसपास, म्हणजे १ मिलिसेकंद, मोकळीक ठेवतात. जवळच्या एसी लाइनवर फॉल्ट होऊन व्होल्टेज १०-१५ टक्के खाली आले की ही मोकळीक संपते, बंद व्हायचा व्हॉल्व्ह पुन्हा वाहू लागतो आणि डीसी बाजू ब्रिजमधूनच शॉर्ट होते. याला कम्युटेशन फेल्युअर म्हणतात. एसी बाजू दमदार असेल तर वाहिनी बहुधा काही दशांश सेकंदांत सावरते. त्यासाठी तिथली शॉर्ट सर्किट पातळी (एसी जाळ्याच्या दमाचे माप) डीसी क्षमतेच्या किमान अडीच-तीनपट हवी: १५०० मेगावॉटला सुमारे ४५०० एमव्हीए. हा आकडा तपासल्याशिवाय जागेची चर्चा करणेच चूक आहे.

आयजीबीटीचे (गेटनेच चालू आणि बंदही होणाऱ्या स्विचचे) नवे कन्व्हर्टर या दोषातून मुक्त आहेत. पुगलूर ते त्रिशूर ही ±३२० केव्ही, २००० मेगावॉटची वाहिनी त्याच पद्धतीची आहे. ते रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर स्वतः सांभाळतात आणि अंधारात गेलेले जाळे उठवूही शकतात. मात्र साध्या हाफ-ब्रिज रचनेत डीसी तारेवर फॉल्ट झाला तर स्विचांसोबतच्या डायोडमधून (एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या भागातून) करंट वाहतच राहतो, आणि एसी ब्रेकर पाडण्याखेरीज उपाय नसतो.

देखभालीचेही पाहा. व्हॉल्व्ह थंड ठेवणारे पाणी क्षारमुक्त लागते. आयन काढणारे रेझिन संपत आले की पाण्याची वाहकता चढते. दुर्लक्ष झाले तर अलार्म, मग ट्रिप. थायरिस्टर थोडे जादाच बसवलेले असतात, त्यामुळे एखाद-दुसरा गेल्याने काम अडत नाही. कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर मात्र गेला की महिनोन्महिने जातात, म्हणून जागेवर राखीव ट्रान्सफॉर्मर ठेवणे भागच आहे.

तेव्हा मागणी करायचीच तर अशी करावी: आपल्या ११ आणि ३३ केव्ही फीडरवर हार्मोनिक्सची मोजणी व्हावी आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत. फौंड्रीवाल्यांनी कपॅसिटर पॅनेलला ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर (तारेची गुंडाळी) आहे का, हे पाहून घ्यावे. त्याने पॅनेल १८९ हर्ट्झवर ट्यून होते, पाचव्या हार्मोनिकशी रेझोनन्स (सूर जुळून लहर फुगत जाणे) टळतो आणि कपॅसिटर फुगून फुटत नाहीत.

आपला,
वीज क्षेत्रातील एक अभियंता, कोल्हापूर